घासून आणलेला डबा

दुपारच्या रिकाम्या बसमध्ये सनीव्हेलचं ऊन मांडीवर घेऊन शरयूकाकू पेंगत होत्या. अमेरिकेत लेकीकडे राहायला आल्यापासून कानावर मराठी पडली की त्यांची झोप हलकी व्हायची. पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

“अहिल्या, तू रोज तीन-तीन बेंटो भरतेस? मला एक डबा जड जातो.”

“आवडतं गं. संध्याकाळी उघडले की सगळ्यांचा दिवस कळतो. रुचाची द्राक्षं परत आली की समजायचं, मैत्रिणीशी बिनसलंय. यशचा ढोकळा संपला, म्हणजे मित्रांनी खाल्ला.”

“आणि विनयचा? माझा नवरा तर डबा तसाच आणून टाकतो.”

“तो हल्ली घासून आणतो.”

“लकी आहेस यार.”

“परवा झाकणाच्या खाचेत पाइनच्या झाडाचं सुईसारखं पान निघालं. त्याचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. तिथे खिडकीसुद्धा उघडत नाही.”

“त्यांच्याकडे मागच्या महिन्यात लेऑफ झाले ना?”

“हो. दुसऱ्या टीममध्ये, म्हणाला.”

“मग विचारलंस?”

“रोज शर्टाला इस्त्री करून निघतो गं. कसं विचारू? आज फोडणीचा भात दिलाय, जरा जास्तच. आणि दोन चमचे.”

“म्हणून हाफ डे टाकलास?”

“त्याच्या वाटेवर पाइनचं पार्क एकच आहे. चल, माझा स्टॉप आला.”

बस वळताना शरयूकाकूंना अर्धवट झोपेत झाडांखालचा बाक दिसला. त्यावर कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस बसला होता. मांडीवरचा डबा उघडा होता, पण तो जेवत नव्हता. बसस्टॉपकडे बघत होता.