माझ्या आधी पोचणारी बाई

माझं नाव पद्मा, तेच लिहा, बदलू नका. आई विड्या वळायची, आजी वळायची, मी सहा वर्षांची असताना पान कापायला शिकले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. आता कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात राहते, मी आणि सासू, अत्तम्मा म्हणते मी तिला. नवऱ्याला आमी दोघींनी सोडलंय, ते सांगते की.

तो भिवंडीला यंत्रमागावर. फोनवर म्हणाला, तुझा एक फोटो पाठव, तसला, फक्त मला. नवराच की, पाठवला. पुढं गावाला आला की मारायला लागला, मी नांदत न्हाय म्हणाले, तर म्हणाला, बघ मग.

कारखान्यातल्या बायकांचा फोनवर ग्रुप हाय, पान कधी मिळणार ते त्यात येतं. पूर्वी आमच्या विड्या तोच पोचवायचा, म्हणून त्याचा नंबरपण त्यात. काय सांगू तुमाला, भर दुपारी आमी माल घेऊन रांगेत बसलो होतो, एक फोन वाजला, मग शेजारचा, मग पलीकडचा, वाजत वाजत माझ्यापर्यंत आला. उघडला, तर माझाच तो फोटो, त्याच्या नंबरवरनं. इतक्या बायका, कुणीच माझ्याकडं बघितलं न्हाय, त्याचीच लई भीती वाटली.

आमच्यात तपासणारा खराब विडी छाटात काढतो, हातानं चुरडतो, मग ती परत कुणाच्या बंडलात येत न्हाय. मला वाटलं फोटोचंबी तसंच. म्हणाले, बायांनो, पुसा गं. सगळ्यांनी पुसला, मीपण पुसला, त्याच्या धमक्यांसकट.

पण फोटो तवर पुढं गेला होता. भाजीवाली माझ्या खांद्यामागं बघायला लागली. मी वळायची, मागं कुणी न्हाय. दुकानात, दवाखान्यात, मी जाईन तितं ती फोटोतली बाई आधीच पोचलेली. रिक्षात बसले की वाटायचं, शेजारी बसलीय, माझेच खांदे, माझंच हसू, नवऱ्यासाठी हसलेलं. आरशावर मी टॉवेल टाकला.

शेवटी मी आणि अत्तम्मा चौकीत गेलो. हवालदारानं विचारलं, पुरावा कुटं हाय? मी म्हणाले, पुसला. तो हसला, फोटो तूच पाठवला की. तर तिथली पोलीसबाई त्याला म्हणाली, काढायला हो म्हटलं म्हणजे वाटायला हो म्हटलं न्हाय, कायद्यात लिहिलंय, वाचा जरा.

तेवढ्यात बाकावरच्या अत्तम्मानं कमरेच्या पिशवीतनं फोन काढला, तीपण त्या ग्रुपात, फोटो तसाच. म्हणाली, मला पुसता येत न्हाय, येत असतं तरी पुसलं नसतं, पोराचा नंबर हाय त्यावर. मी म्हणाले, अत्तम्मा, तो आत जाईल. तर म्हणाली, माझ्याच हातची विडी हाय, जाऊ दे छाटात.

केस चालू हाय. एकीकडचा फोटो काढला की दुसरीकडं निघतो. गल्लीतल्या पोरींना सांगते, काय आलं तर पुसू नका, आधी माझ्याकडं या. ती बाई अजून माझ्या आधी पोचते. पोचू दे. मागनं मी येते की, तक्रारीचा कागद घेऊन.