पाटीवरचे दोनशे तीस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले वैद्यकीय अधीक्षक साहेब; व्यासपीठावर बसलेल्या मेट्रनबाई; ज्यांचं खरं नाव आपल्यातल्या निम्म्यांना आज निमंत्रणपत्रिकेवरच कळलं ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आपले मीटरमामा; पहिल्या रांगेतल्या मामी; आणि एक कान वॉर्डाकडे ठेवून दाराशी उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मामांबद्दल दोन शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. दोन शब्दांत मामा मावतात होय?  मला भीती वाटते आहे, आणि कशाची ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

आमच्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमधून एकही यंत्र कार्डाशिवाय बाहेर पडत नाही. कार्डावर चार आकडे. व्होल्ट आणि अँपिअर मोजायचे. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध निघतो, दोघांना गुणलं की वॅट. शाळेतलं गणित आहे. मामांचा हट्ट एवढाच, की पहिले दोन्ही आकडे यंत्र चालू असताना, एकाच वेळी, मीटरवर बघायचे. यंत्राच्या पाटीवर छापलंय म्हणून उतरवायचं नाही. मामी हसताहेत, कारण त्यांच्या माहेरची इस्त्रीसुद्धा आधी मीटरला लागली, मग कपड्यांना. खरं ना हो मामी?

तीन वर्षांपूर्वीची दुपार. नवजात बाळांच्या कक्षातला जुना वॉर्मर माझ्याकडे दुरुस्तीला होता. बाळाला वरून ऊब देणारं यंत्र ते. हे हातानं चालवायचं, तापलं तर आपोआप बंद होण्याची सोय नाही. सातव्या महिन्यातच जन्मलेली एक मुलगी, दीड किलोचीही नाही, त्याची वाट बघत होती. कक्षातल्या सिस्टरचा तिसरा फोन आला, "अगं, झालं की नाही? पोरीचे पाय गार पडताहेत!"

मी तापणारी नवी कॉइल बसवली, यंत्र लावलं. करंट बरोब्बर दोन अँपिअर. पाटीवर दोनशे तीस व्होल्ट छापलेलेच होते. मी तेच लिहिले. रोध एकशे पंधरा, वॅट चारशे साठ. पाटीवरही चारशे साठच! मी खूश. सही ठोकली, यंत्र वर गेलं.

मग हात धुऊन चहाला किटली लावली. एरवी चार मिनिटांत खळखळणारी किटली, सहा मिनिटं झाली तरी नुसती कुरकुरत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. मीटर सॉकेटला लावला. व्होल्ट फक्त एकशे चौऱ्याऐंशी.

म्हणजे माझा रोध एकशे पंधरा नव्हताच. एकशे चौऱ्याऐंशी भागिले दोन, ब्याण्णव. आणि वरच्या कक्षाला स्टॅबिलायझर आहे, तिथे पूर्ण दोनशे तीस मिळणार. मग करंट अडीच, आणि वॅट पाचशे पंचाहत्तर. एकशे पंधरा वॅट जास्त, आणि खाली उघड्या अंगाचं एवढंसं लेकरू.

फोन केला, एंगेज. मी धावले. दोन जिने मी कसे चढले, मला आठवत नाही. कान देऊन रडणं ऐकू येतं का बघत होते. ऐकू येत नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. देवा, रडू दे तिला, असं मी म्हणत होते.

दारातून आत बघितलं, तर वॉर्मरखाली मामांचा तळहात होता. उताणा, बाळाच्या जागी. दुसऱ्या हातात घड्याळ. दुरुस्त होऊन आलेल्या वॉर्मरखाली पहिली दहा मिनिटं मामांचा हात, मग बाळ. ही त्यांची जुनी रीत. सिस्टर त्यांच्यावर डाफरत होत्या, बाळ आईच्या छातीशी गुंडाळलेलं होतं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "किती?"

"एकशे चौऱ्याऐंशी," मी म्हटलं.

"ब्याण्णव," ते पुटपुटले, आणि त्यांनी प्लग काढला. तळहात लालभडक झाला होता. सिस्टरना म्हणाले, "माझ्याकडून जरा उशीर होतोय. तासभर आईपाशीच असू द्या."

तासाभरात मी कॉइल बदलली, नीट मोजली. मुलगी वाचली, अंग धरून घरी गेली. उशिराबद्दल मेमो आला तो मामांच्या नावावर. त्यांनी उत्तर लिहिलं, "तपासणीत माझा वेळ गेला." मी शेजारी उभी होते. मी तोंड उघडलं नाही. तीन वर्षं उघडलं नाही. घाबरले होते, दुसरं काही नाही.

मामी, त्या दिवशी हाताला किटलीची वाफ लागली असं मामांनी तुम्हाला सांगितलं. ती किटली नव्हती. ती मी होते.

अध्यक्षमहोदय, आपल्यासमोरच्या पाकिटात मामांच्या जागेवर माझी नेमणूक आहे, असं ऐकते. ते उघडण्याआधी त्या दिवशीचं हे कार्ड बघावं. मी ते फाडायला निघाले होते. मामा म्हणाले, "राहू दे जवळ." माझी सही आहे त्यावर. बघून पाकीट उघडायचं की नाही, ते आपण ठरवावं.

मला कशाची भीती वाटते, ते आता कळलं असेल. उद्या सकाळी वॉर्मर वर जाईल, आणि त्याखाली मामांचा हात नसेल. नेमणूक कुणाचीही होवो, पहिली दहा मिनिटं तो हात माझा असेल, एवढं मी मामांसमोर कबूल करते.

मामा, मामी, तुम्हाला निवांत आयुष्य लाभो. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. कार्डावरचा आकडा मात्र तसाच घेऊ नका, माझी सही असली तरी विचारा, "मोजलास का?"