काकांचा डावा पाय

मोठे काका. दोष मोठ्या काकांचा, आणि हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण शेवटपर्यंत ऐकलंत की तुम्हीही म्हणाल, जाऊ दे रे, मोठी माणसं आहेत... का जाऊ दे? मी कॉलेज सोडलं तेव्हा कुणी म्हणालं, जाऊ दे? आमच्या घरात अजून भाजी खारट झाली तरी विषय माझ्या कॉलेजवर येतो.

तर तुम्हाला सांगतो, आमचा धंदा लोकांची बिऱ्हाडं हलवायचा. कपाटं, गाद्या, फ्रीज, आणि 'ही तेवढी जपून हं' म्हणून दिलेली सगळ्यात जड पेटी. ट्रक एक. चालवणार काका, उचलणार बाबा आणि मी. उभा जन्म क्लच दाबून काकांचा डावा गुडघा गेला, डॉक्टर म्हणाले क्लच बंद, म्हणून ऑटोमॅटिक ट्रक आला. त्यात पेडलं दोनच, एक्सिलरेटर आणि ब्रेक, दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाला काम नाही. हा डावा पाय लक्षात असू द्या.

मी त्याच ट्रकवर शिकलो, लायसन काढलं तेही फक्त ऑटोमॅटिकचं. काका तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वर्षभर नीट चालव, मग गाडी तुझी. मी घरी बसतो." कुणीतरी मला काहीतरी देतो म्हणालं, ही आयुष्यातली पहिली वेळ. मी आरशात बघून त्या सीटवर बसायची तालीम केली होती, हसू नका.

आता या गाडीच्या पोटात काय असतं ते दोन मिनिटं ऐका, आमच्या कॉलेजातल्या सरांपेक्षा बरं सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेलाने भरलेला एक गोल डबा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. आत दोन पंखे समोरासमोर. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल ढकलतो, तेल दुसऱ्या पंख्याला ढकलतं. म्हणजे सगळा कारभार निरोप्यामार्फत, थोडं मधल्या मधे सांडणारच, आणि सांडतं त्याची होते उष्णता. म्हणून गाडी एका वेगाला लागली की आतला एक क्लच आपोआप चिकटतो आणि दोन्ही पंखे एक होऊन फिरतात. याला म्हणायचं लॉकअप. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली येतो, आवाज बसतो, गाडी कशी... जेवून लवंडल्यासारखी होते. पण ब्रेकला पाय लागला, नुसता टेकला तरी, लॉकअप सुटतं. गाडीला वाटतं, मालकाला थांबायचंय. तिला काय माहीत मालक कोण आहे.

माझ्या हातात गाडी लॉक व्हायची. काकांच्या हातात कधीच नाही. मोकळा सपाट रस्ता, आणि इंजिन आपलं गुरगुरतंय. मी विचारलं, "काका, काटा खाली का येत नाही?" म्हणाले, "तू समोर बघ." म्हटलं, "चालवताय तुम्ही, मी कशाला समोर बघू?" तिथून बिनसलं.

मग एका चढावर गिअरबॉक्सचं तेल तापल्याचा दिवा लागला. काका चालवत होते, मी शेजारी केळं सोलत होतो. काकांनी गाडी बाजूला घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काल तूच चालवली होतीस ना?" आता बघा, चढ आजचा, चालक आजचा, दिवा आजचा, आणि गुन्हेगार कालचा. आणि दोष कुणाचा? माझा.

मिस्त्री आले. मिस्त्री म्हणजे काकांचे जिवलग, काकांनी दिवसाला रात्र म्हटलं तर हे कंदील लावतील. त्यांनी तेलाची काडी काढली, डोळे मिटून हुंगली, अत्तर हुंगावं तशी. "करपलंय. तरण्या पोरांचा पाय जड असतो हो." काका म्हणाले, "कॉलेजात टिकला नाही, तो गिअरबॉक्स काय टिकवणार?" आणि बाबा, माझा सख्खा बाप, म्हणाले, "दादांच्या म्हणण्यात तथ्य आहे." बाबांना दादांच्या शिंकेतही तथ्य दिसतं. किल्ली गेली. ट्रकमधली जागासुद्धा गेली. मी स्कूटरवरून मागून यायचं, काही पडलं तर उचलायला.

आणि तिथेच, तुम्हाला सांगतो, मला दर्शन घडलं. सरळ रस्ता, पुढे चिटपाखरू नाही, आणि ट्रकचे ब्रेकचे दिवे लालभडक. वळण गेलं, लाल. चढ आला, लाल. चढावर ब्रेक कोण मारतं? एक टॅक्सीवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "थांबतोयस की जातोयस, एकदा ठरव बाबा." पुढच्या सिग्नलला मी स्कूटर ट्रकच्या दाराशी स्टँडला लावली, पायदानावर चढून आत डोकावलो. काकांचा डावा पाय. निवृत्त झालेला माणूस सवयीने रोज कचेरीत येऊन बसतो ना, तसा ब्रेकवर येऊन बसलेला. सिग्नल सुटला तरी तिथेच. दाबत नाही, नुसता टेकलेला. त्याने ब्रेक लागत नाही, पण दिवा लागतो, लॉकअप सुटतं, तेल दिवसभर घुसळत राहतं आणि करपतं. आणि दोष कुणाचा? माझा.

शांतपणे सांगता आलं असतं. एकट्यात, हळू आवाजात, काका तुमचा पाय जरा... नाही सांगितलं. मला चोर ठरवलं ते चारचौघांत, मग याचीही मजा चारचौघांनाच मिळू दे. जुन्या ट्रकचा रिव्हर्सचा भोंगा माळ्यावर पडला होता. तो ब्रेकच्या दिव्याच्या वायरीला जोडला, काकांच्या सीटखाली बसवला, आणि मिस्त्रींचं घर हलवायचं होतं त्या दिवशी सकाळी चालू केला.

केबिनमधे काका, मिस्त्री, मिस्त्रींच्या बायकोला मदत करायला निघालेली काकू, आणि स्कूटर बिघडल्याची थाप मारून दाराशी अंग चोरून बसलेला मी. बाबा मागे गाद्यांवर. गाडी निघाली... टूं टूं टूं.

काका खिडकीतून मागे बघतात. "कोण रिव्हर्स घेतंय?"

"आपणच," मिस्त्री म्हणाले.

"आपण पुढे चाललोय."

"हो, पण आवाज मागे जायचा आहे."

काकू म्हणाली, "अहो, बंद करा ते, डोकं उठलं माझं."

"चालू मी कुठे केलंय?"

मी म्हणालो, "काकू, काकांच्या पायाकडे बघ जरा."

काकू वाकली. "अहो, हा पाय इथे काय करतोय?"

"कुठला?"

"डावा."

काकांनी पाय उचलला. भोंगा बंद. आणि बघता बघता काटा खाली आला, गुरगुर बसली, गाडी लॉक झाली. स्वतः चालवताना ती शांतता काकांनी पहिल्यांदा ऐकली. मिस्त्री बाहेरच्या भिंतीकडे फार लक्ष देऊन बघायला लागले. मी म्हटलं, "तरण्या पोरांचा पाय जड असतो, नाही का मिस्त्री?" तेवढ्यात पाय सवयीने परत आला. टूं. "अहो, पाय." टूं. "पाय, पाय." काकूच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी. मिस्त्रींचं नवं घर येईपर्यंत हेच. असं सुख मला कुठल्याही निकालाच्या दिवशी मिळालं नव्हतं. बाबांना सगळं कळलं तेव्हा बराच विचार करून म्हणाले, "भोंग्याच्या म्हणण्यात तथ्य आहे."

आता काका काय म्हणतील? चुकलो म्हणतील? काका? काही दिवस गेले. मग एका सकाळी ऑटोमॅटिक ट्रक दारात नव्हता. "आपल्याला मानवत नव्हता," म्हणाले. त्याच्या जागी एक जुनाट ट्रक, तीन पेडलांचा. गुडघ्याला पट्टा बांधून काका वर चढले, डावा पाय क्लचवर ठेवला, तो पाय माहेरी आल्यासारखा विसावला. दारात एक चक्कर मारली, उतरले, आणि सगळ्यांसमोर किल्ली माझ्यापुढे धरली. "तुझं खरं ठरलं ना? घे. गाडी तुझी. चालव."

किल्ली घेऊन मी तीन पेडलांकडे बघत उभा. पाय दोन, लायसन दोन पेडलांचं.

आता घरात सगळ्यांना माहीत आहे दोष कुणाचा होता. काकू येईल त्याला सांगते. भोंगा मी काढून आणला होता, तो माझ्या कपाटात आहे. ट्रक काकाच चालवतात, मी स्कूटरवरून मागून जातो, काही पडलं तर उचलायला. सीट माझी होणार होती. ती गेली.