मास्तरांचा शाळू अमेरिकेत

आता तुम्हीच सांगा, पुस्तक आहे म्हणायचं आणि कपाट कोणतं ते सांगायचं न्हाई, ह्याला काही अर्थ आहे का? आमचे तातेराव अंबडच्या वाचनालयात अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल, डोळे मिटून हात घातला तरी पाहिजे ते पुस्तक हातात येणार, आणि त्यांना दोन हजार तीन साली जालन्याला ट्रेनिंगला बोलावलं. विषय काय, तर ग्रंथपालांसाठी ऑनलाइन शोध! साहेब पडद्यावर दाखवून राह्यले, हे सर्च इंजिन, ही जगभरच्या ग्रंथालयांची एकत्र यादी, हे 'ग्रंथपालाला विचारा'... तातेराव उठले. "साहेब, हे सगळं ठेवलंय कुठं?" साहेब म्हणाले, "नेटवर." "ते बराबर आहे, पण कपाट कोणतं?" सगळा हॉल हसला. तातेराव खाली बसले आणि वहीत लिहिलं, नेट. पुढं प्रश्नचिन्ह.

ते तिथंच मिटलं असतं. पण तुम्हाला सांगतो, दुसऱ्याच आठवड्यात सगुणाबाई वाचनालयात आल्या. रखमाजी मास्तरांच्या ह्या बायको, मास्तर जाऊन नऊ वर्षं झाल्ती. बाईंनी साठीत साक्षरतेच्या वर्गात बसून अक्षरं गिरवली, आता एसटीची पाटी वाचतात, लग्नपत्रिका वाचतात, आणि म्हणतात काय, "भाऊ, आमच्या ह्यांनी ज्वारीवर पुस्तक लिहिल्तं. 'आमचा शाळू'. जल्मभर ते लिहीत बसले अन् मी भाकरी थापत बसले. काय लिहिलं ते तरी बघू द्या."

तातेरावांनी रजिस्टर उघडलं आणि तसंच मिटलं. कारण ते पुस्तक वाचनालयात होतं, एकच प्रत, ती खालच्या फळीवर ठेवली कुणी? तातेरावांनी. वाळवीनं खाल्ल्यावर रजिस्टरात लाल शाईनं 'बाद' लिहिलं कुणी? त्यांनीच. बाईंच्या घरची प्रत गळतीत भिजून लगदा झालेली, छापखाना बंद होऊन जमाना झाला... आता सांगावं काय? माणूस खरं बोलायला तोंड उघडतो आणि भलतंच बोलून बसतो. तातेराव म्हणाले, "मिळंल, मावशी. नेटवर आहे."

कपाट कोणतं, ते देवाला ठाऊक!

मंग दर सोमवारी वाचनालय बंद आणि तातेराव एसटीनं जालन्याला, मुनीरभाईंच्या नेट कॅफेत. मुनीरभाई आधी टायपिंगचे क्लास चालवायचे, बोटं जल्दी, पण त्या मशीनमधी मराठी अक्षर काही उमटंना. म्हणून इंग्रजीत शाळू लिहिलं. निघालं काय? साड्या. बनारसी शालू, नवरीचा शालू, पानंच्या पानं शालू. मुनीरभाई म्हणाले, "तातेरावसाब, तुमकू किताब होना की बस्ता बांधना है?" स्पेलिंग बदललं तर शालू नावाच्या बाया निघाल्या, कुणाला नोकरी पाहिजे, कुणाला नवरा. नुसती ज्वारी टाकली तर एक लाख चाळीस हजार उत्तरं. आता ज्या माणसानं जल्मभर एका चिठ्ठीवर एक पुस्तक दिलं, त्यानं लाखभर उत्तरांचं करावं काय? आणि एकाही उत्तराला कपाट न्हाई! इकडं मंगळवार उजाडला की बाई दारात. "आलं का भाऊ?" "येऊन राह्यलंय, मावशी."

पाचव्या सोमवारी तातेरावांना ती एकत्र यादी आठवली. मास्तरांचं नाव घातलं. एक ओळ आली, फक्त एक. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर रेघा, पायाखाली ठिपके, मुंग्या लागल्यासारखी. पण मास्तर तेच, गाव अंबड, साल त्रेसष्ट, पानं अठ्ठेचाळीस, आणि खाली मजला तिसरा, फळीचा नंबरसुद्धा. कपाट सापडलं हो... कुठं, तर अमेरिकेतल्या एका विद्यापीठात. आमच्या वाळवीला पुरलं न्हाई ते पुस्तक तिथं कसं गेलं, कुणी नेलं, कोण वाचून राह्यलं, तातेरावांना काही उलगडंना. मुनीरभाईंनी तिथल्या 'ग्रंथपालाला विचारा'मधी झेरॉक्स मिळंल का विचारलं, चार दिवसांत तिथल्या ग्रंथपाल बाईचं उत्तर आलं आणि महिन्यानं झेरॉक्सचं पाकीट.

पाकीट देताना तातेरावांनी वाळवीचं कबूल करून टाकलं. सगुणाबाई म्हणाल्या, "असू द्या. वाळवीनं तरी वाचलं."

मंग पहिल्या पानावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत निघाल्या. "माझ्या... पत्नीस... वाचता... येत नाही... म्हणून... मोकळेपणाने... लिहितो... शाळू... कितीही... चांगला असो... तिच्या हातची... भाकरी... रोज... करपते."

तातेराव छताकडं बघत राह्यले. बाईंनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली. करपतेच होतं.

"भाऊ, चाळीस वर्षं तिथं कुणीतरी हे वाचलंच असंल न्हाई?"

"असंल, मावशी."

"मंग त्यांना कळवा. भाकरी करपत नव्हती. तवा पातळ होता. नवा आणा म्हणून दहादा सांगितल्तं."

आता करपणं आणि पातळ तवा इंग्रजीत बसवता बसवता दोन सोमवार गेले, मुनीरभाईंनी कपाळाला हात लावला, पण पत्र गेलं. उत्तरही आलं, फार अदबीचं. पुस्तकात दुरुस्ती जोडायची तर लेखकाची परवानगी लागेल.

तातेरावांनी ते वाचून दाखवलं. सगुणाबाई म्हणाल्या, "जिते होते तवा तव्याची मिळाली न्हाई. आता ही कुठून आणू?"