मधल्या फळीची मोजदाद

वॉरिक : ...सात. पटत नसेल तर पुन्हा मोज. मधल्या फळीत धावतील अशी सात पोरं, आणि जागा तीन. ग्लेन, तीन वर्षांपूर्वी मी आपल्या पोस्टमनला, मर्वला, सत्तेचाळीसाव्या वर्षी मधे उभा केला होता. आठवतं?

ग्लेनिस : न आठवायला काय झालं? पहिल्या क्वार्टरमध्येच त्याचा गुडघा गेला आणि गावाला आठ दिवस पत्रं मिळाली नाहीत.

जॅरड : पंधरा जणांनिशी उतरलो होतो त्या दिवशी. आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलात अठरा लागतात, आपण पंधरा. शेजारच्या गावचे टारवीलवाले विचारायला आले, तुम्हाला तीन माणसं उसनी देऊ का म्हणून.

वॉरिक : त्यावर तू कॅप्टन या नात्याने त्यांना काय उत्तर दिलंस, ते आता इथे नको. तुझी आई बसलीय.

ग्लेनिस : आईने ते गाडीत बसून ऐकलं होतं. काच वर होती तरी ऐकू आलं.

वॉरिक : आणि तेव्हा ही पोरं कुठे होती? पोरांच्या संघात. सकाळी सामना खेळायची आणि दुपारी कुंपणावर बसून आपली फजिती बघायची. आज बघ. एकाच वर्षी सगळी हाताशी आली. मी कोच म्हणून अजून एकदाही त्यांना सांगितलेलं नाही, पण मंगळवारच्या सरावाला गाडीतून उतरलो की मला आतून हसू येतं.

ग्लेनिस : सांग की मेल्या एकदा. कौतुकाने पोरं बिघडत नाहीत, उपाशी ठेवल्याने बिघडतात.

वॉरिक : शनिवारी टारवीलला हरवू देत, मग सांगतो. जिंकलो तर आठ वर्षांनी आपण फायनलच्या फेरीत. चला, फळ्याकडे बघा. सात वाजता हॉलमध्ये जेवणाआधी संघ वाचायचाय आणि अजून नावांच्या अर्ध्या टिकल्याही लागल्या नाहीत. फिन मधे. कुणाची हरकत?

जॅरड : हरकत नाही, पण त्याचा फक्त उजवा पाय चालतो. त्याला डावीकडे ढकललं की पोरगा बाजारात चुकल्यासारखा करतो. टारवीलवाले तेवढे हुशार आहेत.

वॉरिक : मग त्याच्या डाव्या बाजूला क्विन. क्विन अडवतो चांगला.

जॅरड : अर्ध्या वेळेपर्यंत. नंतर त्याची जीभ बाहेर येते. पहाटे उठून बापाबरोबर मेंढ्या हाकतो आणि दुपारी आपल्याकडे येतो. कुठून जोर आणणार?

ग्लेनिस : त्याच्या बापाला मी सांगते. शनिवारची एक पहाट मेंढ्या स्वतः हाक म्हणावं.

वॉरिक : सांग. तुझं ऐकेल. आता नॅश. खांदा बरा झालाय, डॉक्टरने परवानगी दिलीय, तो परत येतो. म्हणजे एक जण खाली राखीव संघात. ही टिकली मी काढतोय.

जॅरड : टलीची?

वॉरिक : टली हाइनरिक. वाईट मलाही वाटतं. एकोणीस वर्षांचा आहे, कधी तोंड वर करून बोलत नाही, सांगेल ते करतो. पण गेल्या शनिवारी त्याचा चेंडूला हात किती वेळा लागला? सहा. त्याआधी सात. ग्लेनचा मोजदादीचा कागद सांगतो, मी नाही सांगत.

जॅरड : वॉरी, एक मिनिट. टलीचं म्हणशील तर—

वॉरिक : त्याचं झालं. आता तुझं नाव आहे. चल, बाहेर हो.

जॅरड : अरे पण ऐक तर.

वॉरिक : स्वतःचं नाव निघालं की बाहेर जाऊन शेगडीवरचे सॉसेज उलटायचे. हा नियम तुझ्या माझ्या जन्माआधीचा आहे. कॅप्टन असो नाहीतर क्लबचा अध्यक्ष.

जॅरड : सॉसेज मी आत्ता उलटून आलो.

वॉरिक : मग सुलटे करून ये.

(जॅरड चिमटा घेऊन बाहेर गेला. दार लागलं तशी ग्लेनिसने पर्समधून घडी घातलेले दोन कागद काढले आणि टेबलावर न ठेवता मांडीवरच धरून बसली. तीस वर्षं मैदानाच्या कडेला गाडी लावून या बाईने क्लबच्या प्रत्येक सामन्यात कुणी किती वेळा चेंडू घेतला याची मोजदाद लिहिली, अंपायरलाही कधी भ्यायली नाही. आज मात्र तिने आधी दार नीट लागलंय ना ते पाहून घेतलं.)

वॉरिक : जॅरडचं काही बोलायलाच नको. तेवीस वेळा चेंडू. चौतीस वर्षांचा घोडा, आणि अजून सगळ्यांच्या पुढे. मधोमध लावतो आणि पुढे जाऊ.

ग्लेनिस : लावू नकोस.

वॉरिक : काय?

ग्लेनिस : टिकली हातात ठेव. मला बोलायचंय.

वॉरिक : ग्लेन, तू आई आहेस त्याची. त्याच्या नावावर तू कधी बोलत नाहीस.

ग्लेनिस : आईने बोलायचं नाही असा नियम नाही. असता तर या गावात संघ निवडायला माणूस उरला नसता. मला सांग, गेल्या शनिवारी तिसऱ्या क्वार्टरमध्ये जॅरड कुठे होता?

वॉरिक : बाकावर. घोटा मुरगळला होता, मीच पट्टी बांधायला पाठवला. दहाएक मिनिटं बाहेर होता.

ग्लेनिस : हा माझा कागद. तिसरं क्वार्टर. जॅरडच्या नावापुढे रेघा मोज.

वॉरिक : सात.

ग्लेनिस : अर्धं क्वार्टर बाकावर बसून सात वेळा चेंडू घेतला त्याने. देवमाणूसच म्हणायचा.

वॉरिक : चुकून लागल्या असतील एखाद-दोन. पाऊस होता, काच धुकट झाली असेल.

ग्लेनिस : काचेला कशाला बोल लावतोस? तुला ठाऊक आहे, जॅरडचा बाप, केन, असताना तो बघायचा आणि मी लिहायची. मान वर करायची मला गरजच नव्हती. घोळका पडला, फुटला, की तो म्हणायचा "जॅरड", मी रेघ मारायची. परत घोळका, परत "जॅरड". दहा वर्षं बहुतेक वेळा खरंच जॅरडच असायचा. आता केनला जाऊन दोन हिवाळे झाले. मी बघते, लिहायला मान खाली घालते, वर करते तोवर चेंडू घोळक्यातून निघून गेलेला असतो. कुणी काढला? मी कुणाला विचारू? शेजारच्या सीटवर थर्मास असतो.

वॉरिक : आणि तू लिहितेस जॅरड.

ग्लेनिस : हात लिहितो. मला कळतही नव्हतं रे. शनिवारी शिट्टी झाल्यावर समोर बघते तर माझा मुलगा पायाला पट्टी बांधून बाकावर बसलाय आणि माझ्या पेन्सिलीखाली त्याच्या नावाची रेघ अजून ताजी आहे. मला इतकी लाज वाटली की कुणाशी न बोलता तशीच घरी गेले.

वॉरिक : अगं, मला तरी सांगायचंस.

ग्लेनिस : आधी खरं काय ते कळायला नको? फिनच्या बापाने टाकीवर चढून सगळा सामना मोबाइलवर घेतलाय. तो मागून आणला आणि हा दुसरा कागद केला. वाच.

वॉरिक : जॅरड... अकरा.

ग्लेनिस : पुढे वाच.

वॉरिक : क्विनला एक जास्त. टली... सतरा? टलीला सतरा?

ग्लेनिस : तुझ्या खिशात आहे ना ती टिकली, त्याला सतरा. घोळक्याच्या तळाशी असतो तो पोरगा. खालून चेंडू काढतो, मुठीने बाजूच्याला देतो आणि परत खाली जातो. वर येऊन हात उंचावत नाही, ओरडत नाही. मग कुणाला दिसणार? आणि बघायला जी बाई बसवलीय ती दुसऱ्याचं नाव लिहितेय.

वॉरिक : मी त्याला काढत होतो, ग्लेन. त्याची आई मूळची टारवीलची. त्यांचा माणूस दोनदा घरी येऊन गेलाय. खाली टाकला असता तर पुढच्या वर्षी तो त्यांच्या रंगात दिसला असता.

ग्लेनिस : म्हणून तर बोलले. नाहीतर स्वतःच्या पोराचे बारा चेंडू कोण आई परत करते?

वॉरिक : म्हणजे पोरांची फळी माझ्या हिशेबापेक्षा जाड आहे. आणि मला पत्ता नाही. ठीक. टली मधे. फिन, क्विन, नॅश आलटून पालटून. तरी बाकावरून उतरवायला तीन जण उरतात. बाप रे. मग जॅरड... जॅरडला मागच्या फळीत घ्यायला हवा. खरं तर मला मागे बोलणारं माणूस हवंच आहे. ही पोरं चेंडू मिळवतात झकास, पण गमावला की कोणी कुणीकडे धावायचं ते कळत नाही. मागून कुणीतरी नावं घेऊन हाका मारणारा पाहिजे.

ग्लेनिस : हाका मारायला त्याला शिकवायला नको.

वॉरिक : पण सांगायचं कुणी? ग्लेन, मी त्याच्यासोबत पहिलीत होतो. तुझ्या स्वयंपाकघरात वाढलोय. मी नाही सांगणार.

ग्लेनिस : कोच तू आहेस.

वॉरिक : आई तू आहेस. तो आला. टिकली आहे तिथे मधोमध लावतो तोवर, एकदम दिसायला नको.

ग्लेनिस : वॉरी, काढ ती तिथून.

जॅरड : राहू दे, दिसली. सॉसेज झाले. थोडे काळे झालेत, नेटबॉलच्या मुलींना वाढू नका, नावं ठेवतील. बसू? का अजून माझंच चाललंय?

वॉरिक : बस. कॅप्टन, एक... म्हणजे तुझ्या आईला काहीतरी बोलायचंय.

ग्लेनिस : भित्रा कुठला. जॅरड, शनिवारचा माझा कागद खोटा होता. त्याआधीचेही असणार. तुझ्या नावावर मी तेवीस लिहिले ते खरे नव्हते. बरेचसे टलीचे होते.

जॅरड : माहीत आहे.

वॉरिक : काय माहीत आहे?

जॅरड : अरे, पाय माझे आहेत. तेवीस वेळा चेंडू घेतला की रविवारी पलंगावरून उठवत नाही. मी तर रविवारी उठून कुंपण दुरुस्त करत होतो. मे महिन्यापासून मला कळतंय, घोळक्यापाशी मी पोचतो तेव्हा तिथे कोणी नसतं. चेंडू निघून गेलेला असतो.

ग्लेनिस : मग बोलला का नाहीस?

जॅरड : कागद दर सोमवारी भिंतीवर लागायचा. तुझ्या अक्षरात माझं नाव सगळ्यात वर. आई, मला वाचायला बरं वाटायचं.

ग्लेनिस : अरे लबाडा.

जॅरड : हो, आहे. पण त्यापायी टली बाहेर जाईल असं डोक्यात आलं नव्हतं. मघाशी याच्या हातात त्याची टिकली पाहिली तेव्हा ध्यानात आलं. बोलायला गेलो तर मला नियम सांगून हाकलला. बाहेर उभा राहून ठरवलं, आत जाऊन म्हणायचं, त्याला ठेवा आणि मला काढा. सॉसेज काळे झाले ते त्यामुळे.

वॉरिक : काढणार कुणी नाहीये तुला. मागच्या फळीत खेळ. पोरांना मागून आवाज दे.

जॅरड : मागे? तिथे धावावं कमी लागतं म्हणे.

वॉरिक : बोलावं जास्त लागतं.

जॅरड : मग बरा आहे मी. आण ती टिकली, मीच लावतो. इथे. आणि टलीची खिशातून काढ, वाकेल. मधोमध लाव, फिनच्या शेजारी. छान दिसतेय रे फळी. खरंच छान दिसतेय.

वॉरिक : सात वाजत आले. संघ नेहमीप्रमाणे कॅप्टनने वाचायचा. चालेल तुला? नाहीतर मी वाचतो.

जॅरड : मीच वाचणार. टलीचं नाव वाचताना त्याचं तोंड बघायचंय मला. आणि वाचून झालं की त्याच्या चेंडूंची गोष्टही मीच सगळ्यांसमोर सांगेन. आईला मधे आणायचं नाही.

ग्लेनिस : आणायचं. चूक माझी आहे, मी माझ्या तोंडाने सांगेन. आणि पुढच्या सामन्यापासून बघायला मर्वला शेजारी बसवतेय. गुडघा गेला असला तरी त्याचे डोळे शाबूत आहेत.

वॉरिक : मी पुढे होतो. लोकांना बसवतो. या तुम्ही.

जॅरड : आलोच. आई, ऊठ. पर्स घे.

ग्लेनिस : रागावलास?

जॅरड : नाही गं. हलकं वाटतंय, खरं सांगायचं तर. किती होते माझे खरे?

ग्लेनिस : अकरा.

जॅरड : अकरा. नीट मोजलेस ना?

ग्लेनिस : अख्खा सामना तीनदा पाहिला.

जॅरड : तीनदा कशाला? एकदा पाहून भागलं असतं.

ग्लेनिस : बारावा सापडतो का बघत होते.