तान्ह्याची अंघोळ

सिनेमातल्या बाळांचा विषय निघाला म्हणून सांगतो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा चालल्या होत्या तेव्हाचं. आमच्या लालबागच्या चाळीतला दत्ताराम एका साप्ताहिकात सिनेमावर लिहायचा. एका नव्या सिनेमाबद्दल त्यानं लिहिलं, यातल्या नटीला तान्हं मूल न्हाऊ घालता येत नाही. संपादक म्हणाले, "हे सांगणारा तू कोण? जाणत्या बाईचं नाव आण, मग छापतो."

चाळीतली तान्ही पोरं आमची हीच पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. दत्तारामनं तिला तो सिनेमा दाखवला.

ती म्हणाली, "चुकलंच तिचं, मान धरली नाही. पण माझं नाव हवं तर आधी तुझ्या पोरीला न्हाऊ घाल."

त्यानं घातलं. दोन महिन्यांची पोर, तेलानं दोनदा निसटली. दोन्ही वेळा हिनं धरली.

पुढच्या आठवड्यात त्यानं छापलेलं वाचून दाखवलं, "नटीनं बाळ बरं सांभाळलं आहे."

"आणि मानेचं रे?"

"वहिनी, तिच्या हातून निसटलं तरी नाही."