घरजावयाचा आकडा

सोलापूरच्या सात रस्ता चौकात सांगोल्याची मोटार सीटं भरायची वाट बघत उभी होती. शेजारी म्हातारा भिमा आणि त्याची पोरगी मागणारा गुंडा बोलत होते, आणि मोटारीचा ड्रायव्हर मानसिंग याने उघडउघड कान तिकडे लावले होते.

"आमाला घरजावई पायजे. सोलापुरात काय शिकलास, त्ये दाव."

"हा आकडा बघा, मामा." गुंडाने काडीने धुळीत १४२८५७ लिहिले. "ह्याची दुप्पट २८५७१४."

"त्येच सहाजन की! निसती रांग बदलली."

"तिप्पट ४२८५७१. चौपट, पाचपट, सहापट करा, त्येच सहाजन."

"लई गुनाचं घरानं! आमी बी घरात सहाच हाय. आन सातपट?"

गुंडा घुटमळला. "९९९९९९."

"आन आपले सहाजन?"

"गेले, मामा."

"एक बी ऱ्हायला न्हाय? म्हंजे सातवा आला आन घर बुडालं! तू आमच्यात सातवाच की रं. न्हाय बाबा, लगीन जमायचं न्हाय."

मोटार भरली, तरी मानसिंग चढेना.

"थांबा मामा, आठपट बघा. ११४२८५६. आता ह्यो म्होरला एक उचला आन शेवटच्या सहात मिळवा."

"सहाचा सात झाला... आरं, आले की माघारी समदे!"

"आठवा आला की येत्यात."

म्हाताऱ्याने पटका सावरला.

"मग हितं रेघोट्या काय वडतोस? बस मोटारीत! ह्याच म्हैन्यात लगीन उरकू, आन आठव्याला उशीर लावू नगंस!"